गोल ओट्याच्या बाई

टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीत चित्रकलेच्या बाईंइतकं अडचणीचं स्वयंपाकघर कुणाचं नव्हतं, आणि आपल्या स्वयंपाकघराचा एवढा अभिमानही कुणाला नव्हता. ओटा भिंतीला नाही, खोलीच्या मधोमध. तोही गोल, टाइल्सचे रंगीत तुकडे बसवलेला. एका बाजूला शेगडी, पलीकडे चार स्टुलं, आणि प्रत्येक स्टुलासमोर ओट्यात जडवलेलं ताटाएवढं पांढरं वर्तुळ. नळ मात्र खिडकीपाशीच राहिला. पाणी घेऊन येईपर्यंत फोडणी जळायची.

"बेन, ओटा बीच में? दिनभर चक्कर काटोगे," सुरंगीहून आलेल्या गवंड्याने बजावलं होतं. बाईंनी खडूने जमिनीवर एका झटक्यात गोल काढून त्याला गप्प केलं. टाइल्सच्या दुकानामागच्या ढिगातून त्या स्वतः तुकडे निवडून आणायच्या. पिशवी घेऊन निघाल्या की वाटायचं, भाजीलाच चालल्यात.

मी जळगावकडचा, सुताच्या कारखान्यात नोकरीला, समोरच्या खोलीत एकटाच. एकदा मी त्यांना चिडवलं, "बाई, हा ओटा आहे की कारंजं?"

त्या हसल्या नाहीत. "अरे, माझी आई जन्मभर भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापत होती. मला तिची पाठच जास्त आठवते. माझ्या घरी रांधणाऱ्याला जेवणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे."

पण जेवणारं होतं कोण? बाईंनी लग्न केलं नव्हतं, शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, भाऊ रत्नागिरीला. दर रविवारी त्या माझ्या दारात यायच्या. "घावन घालतेय. गरम खायला ये." मी म्हणायचो, "डब्यात द्या ना, शिफ्ट आहे." कितीदा तरी शिफ्ट नसायचीच. त्यांच्यासमोर बसून बोलायचं काय, याचाच मला संकोच. त्या डबा आणून द्यायच्या, वर फडकं गुंडाळून, गार होऊ नये म्हणून.

एकदाच गेलो. पहिलंच घावन संपवताना कोपर लागलं आणि चहाचा निळा कप खाली पडून फुटला. मी ओशाळलो. "राहू दे, कामाला येईल," म्हणत त्यांनी बारीकसारीक तुकडेही वेचले. पुन्हा न जायला मला तेवढं निमित्त पुरलं.

या हिवाळ्यात बाई गेल्या. भाऊ घर विकायला आला आणि किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "उद्या गवंडी येईल, तो ओटा फोडायचाय. घेणाऱ्यांना भिंतीला हवाय. तेवढं दार उघडून द्याल?"

सकाळी दार उघडलं. तीन वर्तुळं पांढरीच होती. चौथ्याला, मी बसलो होतो त्या जागेला, निळी कड होती. माझ्याच कपाचे तुकडे, हाताला लागू नयेत म्हणून घासून गुळगुळीत केलेले.

मागे तोच सुरंगीचा गवंडी हातोडा घेऊन उभा होता. "शुरू करूं?"

"थांब जरा," म्हणून मी माझ्या जागेवर जाऊन बसलो. शेगडीपाशी कुणीच नव्हतं.