पाचवं उत्तर

बू वागियेमनी (आमच्याकडे बाईंना बू म्हणतात, बाप्यांना पाक) वीस वर्षं आमच्या पाड्यावरची बाळं काट्याला टांगून तोलली, तीही फुकट. माझी तिन्ही त्यांनीच तोलली आणि दर वेळी मला म्हणाल्या, "पाक हार्जो, जगाला सोयाबीनच्या टेम्पेच्या वड्या विकता आणि घरच्यांना हवा खायला घालता का?"

यंदा दवाखान्यात म्हाताऱ्यांची काळजी घेणारीची पगारी जागा निघाली. अट एकच, प्रमाणपत्र. ते नसेल तर अंथरुणावरच्या आईला मागे टाकून वागियेमना मलेशियात घरकामाला जावं लागणार होतं.

परदेशातल्या एका विद्यापीठाचा आठ आठवड्यांचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम होता, जगात कुणालाही खुला. त्या जगात आमचा पाडाही धरलाय, याचं आम्हाला फार कौतुक. रेंज मात्र फक्त कब्रस्तानाच्या भिंतीपाशी. तिथं बाईला एकटीला कसं बसू द्यायचं? आमच्याकडे लग्नघरात कुणी कांदासुद्धा एकटीनं चिरत नाही. सोबत म्हणून चौघींनी नावं घातली. त्यांत माझी बायको पार्तिनी, जिला कोंबडी कापताना पाहून भोवळ येते.

शेवटचा प्रश्न होता: म्हातारं माणूस जेवत नाही, तुम्ही काय कराल? वागियेम सांगत गेल्या, मी दोन बोटांनी टाइप करत गेलो. बाकीच्या माना डोलवत केळ्याची भजी खात होत्या.

"झकास! हेच सगळ्यांचं पाठवा," पार्तिनी म्हणाली.

"आधी तुमची जाऊ देत, माझं शेवटी," वागियेम म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासाठी आलात ना?"

यजमानीण शेवटीच जेवते. मी पाचही पाठवली, पहिलं पार्तिनीचं.

आठवड्यानं निकाल आला. पहिलं उत्तर उत्तम. पुढची चार चोरलेली, नावं कायमची बाद. मी तीन विनंतीपत्रं पाठवली. तिन्हींना एकच उत्तर आलं, शब्दन् शब्द तेच. ती मात्र चोरी नव्हे.

पार्तिनी प्रमाणपत्र घेऊन दवाखान्यात गेली. "हे खरं वागियेमचं आहे हो!"

"नाव तुमचं आहे, बू. तुम्ही येता का कामाला?" कारकून म्हणाला.

ती रडतच परतली. जागा परगावच्या कुणाला तरी गेली.

मलेशियाला निघताना वागियेम पार्तिनीला म्हणाल्या, "रडतेस काय? माझ्या आईकडे बघ. शिकलेली तू एकटीच आहेस."

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या आईनं जेवण सोडलं, तोंडच उघडेना. पार्तिनी पेजेची वाटी घेऊन दोन दिवस बसली. मग मला म्हणाली, "अहो, आपण काय लिहिलं होतं हो?"

उत्तर माझ्या फोनमध्येच होतं. मी वाचून दाखवलं, "आग्रह करायचा नाही. शेजारी बसून आधी आपण खायला लागायचं. मग मुलाबाळांच्या गोष्टी काढायच्या."

पार्तिनीनं स्वतःसाठी दुसरी वाटी भरली. एक घास कसाबसा गिळला. "आजी, वागियेम लहानपणी कशी होती?"

म्हातारीनं डोळे उघडले, दाराकडे पाहिलं.

"आली का ती?"

पार्तिनी माझ्याकडे बघू लागली. याचं उत्तर आम्ही लिहिलेलं नव्हतं.