नानांचं ओलं अंगण

माझे सासरे पुंजाराम, म्हणजे आमचे नाना, चिडका माणूस नाही. चिडकी मी आहे. पण यंदाच्या पावसाळ्यात त्या माणसानं विटांशी जे भांडण मांडलं, ते बघून माझंसुद्धा डोकं फिरायची वेळ आली.

मखमलाबादच्या पुढे आमचं घर. मागे दीड एकर फुलं, पुढे विटांचं अंगण. पंचवीस वर्षांपूर्वी नानांनी ते स्वतःच्या हातानं केलं. उकिडवं बसून एकेक वीट उभी लावली, सांध्यात वाळू भरली, सिमेंटचा कण वापरला नाही. कारण तोडलेली फुलं बाजाराला जाईपर्यंत तिथेच ओतायची असतात. फरशीवर फूल उकडतं, मातीत मळतं, ओल्या विटेवर मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत टवटवीत राहतं, असा नानांचा अनुभव. म्हणून ते अंगण दिवसातून तीनदा भिजवतात. पाऊस नुकताच उघडलाय, विटा निथळतायत, तरी यांच्या हातात नळी आहेच.

आता अशा अंगणात शेवाळ नाही येणार तर काय येणार? पण हे नानांना कोण सांगणार!

श्रावण लागला आणि त्याच शेवाळावर माझ्या सासूबाई घसरल्या. नवसाबाई त्यांचं नाव, आम्ही आई म्हणतो. मी शाळेत शिकवायला गेले होते, माझा नवरा सोमनाथ फुलं घेऊन बाजारात. घरी दोघंच. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, आता वॉकर धरून रोज चालायचं. चालल्या नाहीत तर पाय आखडेल आणि कायमच्या खाटेवर पडतील.

घरात चालायला जागा कुठे आहे? खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत नऊ पावलं, मी मोजली आहेत. चालायचं तर अंगणातच. आणि आईचं सगळं आयुष्य त्या अंगणातच गेलेलं. दुपारी जेवणं उरकली की शेजारची धोंडाबाई आणि आणखी दोघी यायच्या, फुलांच्या ढिगाभोवती बसून हार बांधायच्या, सगळ्या गावाची उणीदुणी काढायच्या. आईच्या हाराला गाठ कुठे आहे ते शोधून सापडत नाही. ती बाई आता दाराशी खाट टाकून भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. उठा म्हटलं की एकच उत्तर, "शेवाळ हाय बाहेर."

झालं. नानांनी शेवाळाविरुद्ध कंबर कसली.

आधी ब्लीचिंग पावडर टाकली. दोन दिवस घरात कुणाला श्वास घेता येईना, आणि आठव्या दिवशी विटा पुन्हा हिरव्यागार. मग तारेचा ब्रश घेतला. सकाळी तीन तास घासायचं, आणि घासून झालं की फुलांसाठी अंगण भिजवायचं! मी दारातून बघायची आणि दात खायची.

मग शेजारचे भिमाजी, द्राक्षबागवाले, यांनी डोकं चालवलं. बागेवर बुरशीसाठी ते बोर्डो मारतात, मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी. "येलीवरची बुरशी मरती, मंग इटंवरचं शेवाळ काय चीज हाय?" म्हणाले. नानांना पटलं. पाठीवर पंप घेऊन दोघांनी अंगणावर बोर्डो फवारला. शेवाळ मेलं, खोटं का बोलू? पण चार दिवसांनी नानांनी सवयीनं अंगण भिजवलं आणि वर निशिगंधाची सुटी फुलं ओतली. पाच पाट्या. सकाळी बघते तर पांढऱ्या फुलांवर निळे डाग आणि कडा जळलेल्या. सोमनाथ त्या पाट्या बाजारातून जशाच्या तशा परत घेऊन आला आणि उकिरड्यावर रिकाम्या केल्या.

तरी शहाणपण येईल तर शपथ. सोमनाथनं मित्राकडून गाड्या धुवायचं मशीन आणलं. पाण्याच्या माऱ्यानं शेवाळ गेलं, त्याबरोबर सांध्यातली वाळूही गेली. विटा डुगडुगायला लागल्या. आधी नुसतं घसरायची भीती होती, आता वॉकरचा पाय अडकायचीही सोय झाली.

भाद्रपद सरत आला. पाऊस थांबून आठवडा झाला, सगळ्या गावाची अंगणं वाळली. आमचं हिरवंच. त्या दिवशी डॉक्टरांनी आईचा गुडघा वाकवून बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली. घरी आले तर नाना नळी घेऊन उभे.

"नाना, पाणी बंद करा," मी म्हणाले.

"अन् फुलं?"

"फुलं गेली खड्ड्यात. आई जन्माची खाटेवर पडेल, कळतंय का तुम्हाला? तुम्हीच शेवाळ पोसताय आणि तुम्हीच घासताय!"

सासऱ्याशी मी कधी असं बोलले नव्हते. नानांनी नळी टाकली आणि मळ्यात निघून गेले. जेवायला आले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी उठून बघते तर मागच्या पत्र्याखाली त्यांनी दोन बाजा टाकलेल्या, त्यांवर ओली गोणपाटं, आणि गोणपाटांवर शेवंती. अंगणात थेंब नाही.

बारा दिवसांत ऊन आपलं काम करून गेलं. शेवाळ काळं पडलं, त्याच्या खपल्या झाल्या आणि नुसत्या खराट्यानं निघून गेल्या. नानांनी डुगडुगणारी प्रत्येक वीट ठोकून बसवली, वाळू भरली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी धोंडाबाई आणि दोघीजणी झेंडू घेऊन अंगणात बसल्या, आईसाठी मधे खुर्ची ठेवली. नाना अनवाणी उभे राहिले.

"अगं, ये. कोरडं ठणठणीत हाय."

आई वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. "नाय."

"शेवाळ कुठं राहिलं आता? दाव मला बोटभर."

"नाय म्हनले ना."

नानांनी दोन्ही पायांनी थाडथाड उड्या मारून दाखवल्या. अडुसष्ट वर्षांचा माणूस! आईनं तोंड फिरवलं. मग मात्र नानांचा तोल गेला. "दोन महिने घासून घासून बोटं सोलली माझी! आजून काय करू, सांग ना!"

आई त्यांच्याकडे वळली. "मी पडले तवा काय म्हनले तुमी, आठवतं?"

नानांनी चोरट्या नजरेनं बायकांकडे बघितलं.

"शेवंतीच्या ढिगावर पडले मी. उठाया येईना. अन् तुमी वरडले, अगं फुलं चेंगरली. आधी माझ्या अंगाखालची फुलं काढली. मंग मला उचललं."

हार बांधणाऱ्या बायकांचे हात थांबले. मला माझीच लाज वाटली. दोन महिने मीही शेवाळच बघत होते. ही भिंतीकडे तोंड करून का पडते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

नाना पायरीपाशी आले. खाली बघत म्हणाले, "म्हनलो मी. पहिलं तुला उचलाया पायजे होतं. चुकलो." त्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"मंग हे त्याच दिशी बोलायचं. इटा कशाला घासत बसले?"

नानांनी हात पुढे केला. आईनं त्या हाताकडे बघितलं. धरला नाही. वॉकर खाली टेकवून एकटीच पायरी उतरली, नानांना म्हणाली, "सरका, वाटंत उभं राहू नका," आणि एकेक पाऊल टाकत खुर्चीपर्यंत गेली.