तालुकाध्यक्षपद आमच्या घरातच राहिलं

घराणेशाहीविरुद्ध आबा सलग दोन तास बोलू शकत. आबा म्हणजे माझे वडील. मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायचो तेव्हा ते आमच्या पक्षाचे इंदापूरचे तालुकाध्यक्ष होते, आणि मी बारामतीच्या क्लासमध्ये गणित शिकवायला लागलो तरी तेच होते. पक्ष लहान, झेंडा निळा, कार्यालय तालुक्यातल्या कळंब गावी आमच्याच ओसरीवर. दर निवडणुकीत डिपॉझिट जायचं आणि दुसऱ्या दिवशी आबा वैचारिक विजय झाल्याचं जाहीर करायचे.

आम्हा तरुणांना या विजयांचा कंटाळा आला होता. आमचं म्हणणं, मोठ्या पक्षाशी युती करा आणि पंचायत समितीची एक तरी जागा पदरात पाडा.

"ज्येंच्या आज्यांनी आपल्याला हिरीवर येऊ दिलं न्हाय, त्येंच्या गाडीत बसून फिरायचं व्हय?" आबा म्हणाले.

"आबा, गाडीला एसी आहे."

हे बोलायला नको होतं. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तेवढ्यात पोरांनी अध्यक्षपदासाठी माझंच नाव पुढं केलं.

बैठक इंदापूरच्या समाजमंदिरात झाली. आबांनी चळवळीचा इतिहास सांगितला. मग मी उठलो आणि हात उंचावून म्हणालो, "आता नव्या रक्ताला संधी द्या!"

भवानीनगरचे एक तात्या, कारखान्यातून रिटायर झालेले, बसल्या जागेवरून म्हणाले, "नवं रक्त म्हंजे त्येंचंच रक्त न्हवं का?"

सगळे हसले. आबाही हसले, त्याचा मला जास्त राग आला.

हात वर करून मतं घेतली, तर दोन्ही बाजू सारख्या. मग कुणाला तरी आठवलं, महिला आघाडीच्या अध्यक्षांचं मत राहिलंय. म्हणजे माझी आई. तिला आबांनीच अध्यक्षा केलं होतं. फॉर्म त्यांनी भरला, सही तेवढी तिची. ती बाजार करून, गवारीची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या ओळीत बसली होती. आबांनी तिच्याकडं हक्कानं पाहिलं. मी लाडानं पाहिलं.

आई उठली. "मी दोघांनाबी मत देत न्हाय. ह्येंचं कुणी ऐकत न्हाय आन् ह्येला कुणी वळखत न्हाय. रेशनकार्ड आडलं, दाखला आडला की गावोगावच्या बाया माझ्याकडंच येत्यात. मग मलाच करा की अध्यक्ष."

मागच्या ओळीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि तात्या म्हणाले, "माझं अनुमोदन."

आबांनी खिशातून पक्षाची घटना काढली. पानं चाळली. 'कोणताही क्रियाशील सदस्य' असं तीत स्पष्ट लिहिलं होतं. मसुदा त्यांचाच होता.

एसटीत आम्ही तिघं एकाच बाकावर बसलो. नवी अध्यक्षा, म्हणजे आई, मधे. मला राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती: इतकी वर्षं या बाईला कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारणाऱ्यांत मीही होतो.

पंधरा दिवसांनी मोठ्या पक्षाचा माणूस ओसरीवर आला. "अध्यक्षसाहेब," त्यानं आबांना हात जोडले.

आबांनी घसा साफ केला. जड गेलं त्यांना, पण म्हणाले, "अध्यक्षा आत हायत. बोलावतो." आणि आपली खुर्ची सरकवून दिली.

त्या माणसानं एक जागा देऊ केली. आईनं मतदारसंघ विचारला, त्यानं सांगितला.

"तितं तर तुमीच दरवेळी पडताय," आई म्हणाली. "घरात नको झालेली म्हस आमच्या दावणीला बांधताय व्हय?"

तो चहा पिऊन गेला. आबा खुश झाले, त्यांना वाटलं तत्त्व टिकलं. "तत्त्वाचं न्हाय," आई म्हणाली, "चांगली जागा आणली तर इचार करू." मग मी खुश झालो.

आम्ही एकटेच लढलो आणि पडलो. पण भाजीपाला पिकवणारी आमची उमेदवार आता ग्रामसभेत उठून प्रश्न विचारते. आईनं आबांना पोरांचा अभ्यासवर्ग दिलाय, मला दर रविवारी दाखल्यांचे अर्ज भरायला बसवलंय.

खरं सांगायचं तर पद मला अजून हवंय. तसं एकदा आईला बोललोही.

"मग हुबा ऱ्हा की," ती म्हणाली. "आन् आधी बायांना इचारून ये."

आजवर चार गावं झालीत. दोन ठिकाणी चहा मिळाला.