रोवा नव्हे, खोचा

मीरा, निषाद, तुम्ही तुमच्या टीचरला सांगितलंत म्हणे, की आजी फुलं विकायची. मी आयुष्यात एक फूल विकलेलं नाही. म्हणून हे लिहून देते आहे. टीचरला वाचून दाखवा.

वडशाजवळच्या लॅबमध्ये आम्ही जरबेराची रोपं करायचो. जरबेरा म्हणजे लग्नाच्या स्टेजवर लावतात ती मोठी, रंगीत, बिनवासाची फुलं. चांगल्या झाडाचा कणभर तुकडा बाटलीत, जेलीसारख्या खुराकावर ठेवला की त्याची हुबेहूब पिल्लं होतात. हे टिश्यू कल्चर. पिल्लं लाडावलेली असतात. एसी, आयतं जेवण. त्यांना बाटलीतून काढून ट्रेमध्ये, नारळाच्या भुशात जगायला शिकवायचं, ते हार्डनिंग. ते खातं माझं.

सहा नव्या बाया आल्या. सगळ्या धानाच्या गावच्या, भाताची रोवणी करत वाढलेल्या. "रोपं रोवा," मी म्हणाले आणि मीटिंगला गेले. परत येईतो ट्रे भरलेले. मी खूश.

पाचव्या दिवशी रोपं सडायला लागली. एकेका खळग्यात तीन-तीन रोपं, गळ्यापर्यंत दाबलेली. जरबेराचा पोंगा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो मधला भाग, भुशाच्या वर राहायला हवा. गाडला की संपला. ऑर्डरची गाडी महिन्याने येणार होती.

मालक कडाडले, "मॅडम, उद्यापासून ह्या सहाही जणी नकोत."

"काऊन?" त्यांच्यातली थोरली शकुंतला पदर खोचून पुढे आली. "बाईनंच त म्हटलं रोवा. रोवना असाच असते. तीन काड्या घ्याच्या, अंगठ्यानं दाबाच्या."

"हे काय धान आहे?"

"मले काय मालूम? पानी त धानावानीच देऊन राह्यले तुमी."

"सर, चूक माझी," मी म्हणाले. हे वाक्य मी जन्मात दोनदा बोलले. दुसरी वेळ तुमच्या आजोबांच्या निवडीबद्दल होती.

मग शकुंतलाला विचारलं, "वर राहिलं पाहिजे, पण पडता कामा नये. याला काय म्हणू?"

"मंग खोचा म्हना ना, बाई! अंबाड्यात फूल खोचतो तसं. फूल का कोनी डोस्क्यात गाडते?"

त्याच दिवशी सगळी रोपं उपटून, सुटी करून, एकेक खोचली. निम्मी वाचली. गाडी अर्धी रिकामी गेली, गिऱ्हाईक फोनवर तासभर बोललं, मालक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बाया सहाच्या सहा राहिल्या.

कुणावर बोट दाखवण्याआधी आपलं क्रियापद तपासावं, एवढंच मी शिकले.

लॅबचे मालक आता बदललेत. शकुंतला तिथे सुपरवायझर आहे. नव्या बायांना ती अजून "खोचा"च म्हणते.