खिळ्यावरची अंगठी

रोज सकाळी बेकरीत जायला निघण्याआधी ती लग्नाची अंगठी काढायची आणि बेसिनवरच्या आरशाशेजारी खिळ्याला अडकवायची. संध्याकाळी आल्यावर आधी कोपरापर्यंत हात धुवायची, नखांतलं पीठ काढायची आणि अंगठी पुन्हा बोटात घालायची. मैदा मळताना अंगठीखाली पीठ अडकून बोट चिघळतं, शिवाय मालकाचा तसा नियमच होता. तिच्याबरोबर मळणारी बाई म्हणायची, राहू दे बोटात, ज्याच्या पावात सापडेल त्याच्याशी संसार करावा लागेल. ती खळखळून हसायची. घरी मात्र या गोष्टीचं कुणाला हसू येत नसे.

कारण तिच्या नवऱ्याने आपली अंगठी कधीच काढली नव्हती. सासरच्यांना त्याचा कोण अभिमान! धाकटी नणंद तर येईल-जाईल त्याला भावाचा हात उचलून दाखवायची, जणू तो हात तिनेच घडवला होता. मग तिची नजर वहिनीच्या रिकाम्या बोटाकडे वळायची. तोंडातून शब्दही न काढता टोमणा मारायची कला तिला छान साधली होती.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या रविवारी घर माणसांनी भरलं. बेकरीला सुट्टी नव्हती. केकसुद्धा तिनेच केला, भट्टीवरून थेट घरी आणला, आणि ती बेसिनपर्यंत पोचायच्या आत नणंदेने तिला पाहुण्यांत ओढलं. दादाच्या अंगठीची सगळी कथा सांगून झाल्यावर नणंद म्हणाली, "आमची वहिनी पडली कामाची बाई. आजच्या दिवशीही बोट रिकामंच. पण दादाने दोघांची निष्ठा एकट्याने सांभाळली."

लोक हसले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आत्ताच कामावरून आलीये ती, एवढं जरी तो म्हणाला असता तरी पुरे होतं. तो हसत अंगठी फिरवू पाहत होता. अंगठी हलत नव्हती.

हलणार कशी? त्यांची मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी त्याचं मन ऑफिसातल्या एका बाईत गुंतलं होतं. एका सकाळी बाथरूमचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं. बोटाला साबणाचा फेस लावून, दात आवळून तो अंगठी ओढत होता. बोट लालबुंद झालं, अंगठी सांध्याच्या पुढे सरकेना. ती दारातून मागे फिरली. त्या दिवशी तिने मैदा असा आपटला की मालकाने विचारलं, त्या पिठाने तुझं काय घोडं मारलंय? संध्याकाळी ती खिळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. आत मुलगी पाढे घोकत होती. शेवटी तिने अंगठी घातली. ते कुणी पाहिलं नाही.

"बस जरा," ती नणंदेला म्हणाली. "ह्यांनी काढली नाही, असं नाहीये. निघाली नाही. साबण लावूनसुद्धा निघाली नाही. विचार त्यांना."

नणंद भावाकडे वळली. नवरा स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला.

"माझी रोज निघायची. आणि रोज संध्याकाळी मी ती परत घालायचे. काढलेली तेवढी दिसली तुम्हाला."

केक कापायचं कुणी नाव काढलं नाही. पाहुणे एकमेकांच्या चपला घालून गेले असतील, इतक्या घाईने गेले. मग नवरा स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, इतकं जुनं प्रकरण चारचौघांत काढायची गरज नव्हती. तिने डबे दणादण फळीवर लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटातून काढायला काही नव्हतं. अंगठी कालपासून खिळ्यालाच होती. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याचं तिकडे लक्ष गेलं. त्याने ती काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने घेतली, होती तिथेच अडकवली आणि पिशवी खांद्याला लावली.

"टाकी भरली की मोटर बंद करा," ती म्हणाली.