बराबर शे

मास्टर ओल्या कापडाचा तुकडा चिमटीत धरून उत्तरेच्या खिडकीपाशी जायचे, मान डावीकडे कलती करायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "बराबर शे." मग खाली हजारो मीटर कापड त्या रंगात बुडायचं. ते "बराबर नही शे" म्हणाले, तर शेठसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नसत.

गुजरातेतल्या सचिन गावच्या एका डाइंग मिलमध्ये ते कलर मास्टर होते. गिऱ्हाइकानं दिलेल्या नमुन्याशी रंग जुळला की नाही, हे ठरवणारा माणूस. मूळचे धुळ्याकडचे. शेठ गुजरातीत विचारायचे, "मास्टर, बराबर छे?" आणि हे अहिराणीत सांगायचे, "बराबर शे." एका अक्षराचा फरक, आणि त्यावर आमची मिल चालायची. मी अकोल्याचा. लॅबच्या कॉम्प्युटरवर रंगांची मापं टाकणं हे माझं काम. दोघंही राहायला नवागामात, मागच्यापुढच्या गल्लीत.

लॅबमध्ये रसायनांचा वास बारमाही. मी नवा असताना नाकाला रुमाल बांधायचो, तर मास्टर हसायचे. म्हणायचे, "वास येनं बंद व्हयनं, का मानूस मास्टर व्हयना." मीही हसायचो. वर्षभरात माझा रुमाल सुटला.

प्रत्येक कारागिराचं एखादं खूळ असतं, तुम्हीही पाहिलं असेल. मास्टरांचं खूळ म्हणजे एक जुनाट कॉम्प्युटर गेम. तरुणपणी धुळ्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये त्यांना तो फ्लॉपीवर मिळाला होता. एक पिवळं पाखरू झाडावरची फळं खातं. फळं कुठल्या देशातली देव जाणे, आम्ही त्यांना बोरं म्हणायचो. तांबडं बोर पिकलेलं, हिरवं कच्चं. कच्चं खाल्लं की पाखरू मेलं. त्या काळच्या ग्राफिक्स कार्डात चारच रंग होते, काळा, हिरवा, तांबडा आणि पिवळा. रोज सकाळी पहिला रंग बघण्याआधी मास्टर एक डाव खेळायचे. डोळे उघडायला, असं त्यांचं म्हणणं. पाखरू कधी मरायचं नाही. आम्ही ते पाहिलंच नव्हतं.

मग त्या जुन्या कॉम्प्युटरचं कार्ड जळालं. मास्टर दोन दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. शेवटी मी नव्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम बसवला. नव्या मशीनला जुन्या कार्डाचं हुबेहूब सोंग घ्यायला लावणारा. गेम सुरू झाला, तशीच टिकटिक वाजली, आणि मास्टरांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही.

पहिल्याच डावात पाखरू मेलं.

"कार्ड बराबर नही शे," मास्टर म्हणाले.

मला पटलं. सोंग ते सोंगच. मी सोळा रंगांचं कार्ड लावून पाहिलं, मग दुसऱ्या जातीचं. पंधरा दिवस रोज सकाळी पाखरू मरत होतं आणि रोज दोष कार्डाला लागत होता. जेवणाच्या सुट्टीत मी खेळलो तर एकही बोर चुकलो नाही. मला वाटलं, माझं नशीब.

याच दिवसांत मास्टरांनी आपली मोटरसायकल घरी ठेवली आणि माझ्या मागे बसून यायला लागले. म्हणाले, कंबर दुखते. सिग्नलला मी थांबलो की मागून हळूच विचारायचे, लाल झाला का? मला वाटायचं, माझ्यामुळे दिसत नसेल. माणूस आपल्या सोयीचं तेवढंच बघतो.

एका सकाळी सेटिंगमध्ये माझा हात चुकला. त्या जुन्या कार्डात चार रंगांचा आणखी एक संच असायचा, काळा, पांढरा, आकाशी आणि गुलाबी. तो लागला. पडद्यावर तांबडं-हिरवं काही उरलंच नाही. आकाशी बोरं, गुलाबी बोरं, पांढरं पाखरू. मी बदलणार तोच मास्टर खुर्चीत बसले. भराभर खेळले, सगळी गुलाबी बोरं खाल्ली आणि समाधानानं मागे रेलले.

"आते बराबर शे. हाऊच तो तांबडा," ते म्हणाले. मग हसले. "पाखरू तेवढं न्हाईसन उनं."

पाखरू न्हाऊन आलं, म्हणजे पिवळ्याचं पांढरं झालं, हे त्यांना दिसलं होतं. बोरांचं दिसलं नव्हतं. खाली त्याच दिवशी त्यांच्या शब्दावर कापड रंगायचं होतं.

मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्या माणसाकडे डोळ्यांशिवाय होतं काय? मी तो गुलाबी संच तसाच ठेवला. महिनाभर पाखरू जगलं, मास्टर खुशीत राहिले, आणि मी रोज कापडाचे तुकडे त्यांच्याआधी चोरून बघायला लागलो. दोनदा माप गुपचूप बदललंसुद्धा. सगळी सोंगं आणता येतात, असं मला वाटायला लागलं होतं.

मी एक दिवस रजेवर होतो, त्या दिवशी मेंदी रंगाचा, म्हणजे मेंदीच्या पाल्यासारखा हिरवा माल निघाला. दुसऱ्या दिवशी गेलो तर सगळे ओल्या ताग्याभोवती उभे. कापड विटकरी होतं. मेंदी नुसती नावाला. शेठ म्हणाले, "मास्टर, बराबर छे?"

मास्टरांनी कापडाचं टोक उचललं, खिडकीकडे नेलं, मान कलती केली, डोळा मिटला. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"बराबर नही शे," मास्टर म्हणाले.

ते खरंच होतं, पण त्यांनी ते कापडात पाहिलं नव्हतं, माझ्या तोंडावर वाचलं होतं.

संध्याकाळी परत येताना ते माझ्या मागे बसले होते. नवागामच्या वळणावर उतरले आणि एवढंच विचारलं, "गेमना रंग तूच बदला ना, भाऊ?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. मला आजही लाज वाटते.

डॉक्टरांनी डोळ्याची नस सुकत चालल्याचं सांगितलं, चष्म्यानं काही होणार नाही म्हणाले. कशानं सुकते, ते कुणी बोललं नाही. मिलमध्ये तर तो प्रश्नच कुणी काढला नाही. मास्टर आता कामरेजला मुलीकडे असतात. जायच्या आदल्या दिवशी ते लॅबमध्ये आले आणि गेमचे मूळ रंग माझ्याकडून परत लावून घेतले. म्हणाले, रोज सकाळी एक डाव खेळायचा, चुकवायचा नाही.

"जव्हय हारशी," ते म्हणाले, "तव्हय पहिले मले सांगजो."

खिडकीपाशी आता मी उभा राहतो. मान डावीकडे कलते, नकळत. शेठ "बराबर छे?" विचारतात आणि अकोल्याचा असूनही माझ्या तोंडून "शे" निघतं. मास्टरांना मी दर रविवारी फोन करतो. ते तब्येत विचारत नाहीत, पाखरू कसं आहे ते विचारतात. मी सांगतो, जिवंत आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी पाखरू मेलं. चहा घेऊन पुन्हा बसलो, पुन्हा मेलं. मी उठलो आणि आधी कार्डाचं सेटिंग तपासलं. ते बरोबर होतं.

रविवार होऊन गेला. मी फोन केलेला नाही.