बॉक्स, पंगत आणि आमच्या घरचा उमेदवार

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत आमच्या घरी रोज संध्याकाळी भांडण व्हायचं. आमचं दोघांचं नव्हे, आमच्या ह्यांचं आणि टीव्हीचं.

देशाच्या अध्यक्षाची निवडणूक जवळ आली होती. खुर्चीवरच्या अध्यक्षाला लोक कंटाळले होते आणि त्याच्याच हाताखाली काम केलेला एक माणूस आता उभा होता. मुलाखत घेणारी बाई त्याला विचारायची, तुम्ही वेगळं काय करणार? तो गोड हसायचा, जुन्या अध्यक्षाची तारीफ करायचा आणि हेच काम पुढे नेऊ म्हणायचा. लगेच आमचे हे सोफ्यावरून उठायचे.

"अरे, त्याने केलं तेच तू करणार, तर मग तू कशाला? त्यालाच राहू दे की!"

ह्यांनी जन्मभर इथे अमेरिकेत गाड्यांच्या कारखान्यात साचे बनवले. मशीनच्या आवाजावर बोलायची सवय. ह्यांचं हळू बोलणंसुद्धा शेजारी ऐकू जातं. मी पोळ्या लाटता लाटता ते वाक्य इतकं ऐकलं की मला पाठ झालं.

त्याच सुमारास आमच्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळाचीही निवडणूक आली. जुने अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त डॉक्टर. माणूस भला. कुणाचं पोर तापलं तर फोनवर औषध सांगणार, पैसा घेणार नाही. म्हणून त्यांना तोंडावर कोणी काही बोलत नसे. पण पार्किंगमध्ये सगळे बोलत, कारण डॉक्टरांनी पंगत बंद केली होती.

आधी आमचा गणपती आणि संक्रांत शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये व्हायची. लांब टेबलांवर पांढरा कागद अंथरायचा, दोन्ही बाजूंनी लोक बसायचे आणि आम्ही बायका-पुरुष मिळून वाढायचो. डॉक्टरांचं म्हणणं, हॉल वेळेत रिकामा होत नाही, वरण सांडतं, शाळेचे लोक तक्रार करतात. तेव्हापासून दारात प्रत्येकाच्या हातात एक बॉक्स. आत हॉटेलातला पुलाव, छोले आणि पापडाला चिकटलेला गुलाबजाम. लोक बॉक्स घेत आणि थंडीत गाडीत बसून खात. आरती अजून चालू असायची आणि बाहेर गाड्या सुरू व्हायच्या.

मला त्या बॉक्सचं दुःख जरा जास्तच होतं. माझी शाळा चौथीत सुटली. ह्यांच्या मागून या देशात आले, पण चार माणसांत माझी जीभ उचलत नाही. डॉक्टरीणबाई, इंजिनियर बायका माझ्याशी चांगल्या वागतात. मीच भिंतीला टेकून उभी राहते. पण हातात वरणाचं पातेलं दिलं की मी दुसरीच बाई होते. "अहो, हात काय आडवा घालता, एवढासाच भात?" "लेकीचं लग्न ठरलं म्हणे, मग जिलबी घ्यायलाच हवी." असं मी सगळ्या हॉलशी बोलायची. कोणाच्या घरी काय चाललंय ते मला पंगतीत कळायचं. पंगत गेली आणि माझं बोलणंच गेलं. मला ती परत हवी होती. पण हे सांगणार कोणाला? डॉक्टरांचे उपाध्यक्ष होते आमचेच हे.

आणि आता अध्यक्षपदाला हेच उभे राहिले.

समोर उभी होती नागपूरकडची एक तरुण मुलगी, कॉम्प्युटरच्या ऑफिसात कामाला. तिने आल्याआल्या जाहीर केलं की पंगत परत आणणार. ह्यांना राग आला. "कालची पोर. हॉलवाल्यांशी कोण भांडणार, ती?"

मी ताट वाढत म्हटलं, "अहो, पण लोकांना पंगत आवडते."

"लोकांना काय, सगळंच आवडतं," हे म्हणाले आणि टीव्ही लावला. तिथे तोच उमेदवार तेच बोलत होता. हे उठून ओरडले, "तर मग तू कशाला?" मी ह्यांच्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले. हसू आवरेना.

देशात वादविवाद चालले होते, म्हणून मंडळाच्या तरुण पोरांनी आपलाही करायचा ठरवला. रविवारी दुपारी, त्याच हॉलमध्ये. प्रश्न विचारायला नेमली आमची मुलगी. ह्यांची छाती फुगली. "बघ, लेक आपल्याच बाजूची." त्या नागपूरच्या मुलीचा मला फोन आला, "काकू, चहा मात्र तुम्हीच करा बरं. ते हॉटेलातून खोक्यात येणारं चहाचं पाणी नको." विरोधी उमेदवाराचा चहा करावा की नाही, मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "कर की. मलाही लागेल."

मी आलं घालून चहा केला आणि किटली घेऊन खुर्च्यांमधून फिरू लागले. किटली हातात आली आणि माझी जीभ सुटली. "साखर कमी घातलीय हो तुमच्यासाठी." "गुडघा कसा आहे?" पुढच्या रांगेत डॉक्टर होते, त्यांनी दोनदा कप पुढे केला.

स्टेजवर आमची लेक माइकवर होती. "बाबा, मंडळासाठी तुम्ही वेगळं काय करणार?"

हे कोट सारखा करून म्हणाले, "डॉक्टरांनी उत्तम पद्धत घालून दिली आहे. तीच पुढे चालू ठेवू. बॉक्स चालू राहील."

मी नेमकी तेव्हा स्टेजवर जाऊन ह्यांच्या कपात चहा ओतत होते. हळूच, फक्त ह्यांच्यापुरतं म्हटलं, "अहो, त्यांनी केलं तेच तुम्ही करणार, तर मग तुम्ही कशाला? त्यांनाच राहू द्या की."

कपाशेजारीच माइक होता.

मागून कोणाला तरी हसू फुटलं आणि सगळा हॉल हसायला लागला. डॉक्टर तर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. आमची लेक आईबापांकडे न बघता म्हणाली, "बाबा, यू हॅव वन मिनिट."

मी किटली दोन्ही हातांनी धरली. ह्यांनी ते वाक्य ओळखलं होतं, ते त्यांच्या कानांवरून कळत होतं. लाल झाले होते. पण माणूस मोठ्या मनाचा. माइक माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बरं, मग तुला काय पाहिजे ते सांग. सगळ्यांना सांग."

इतके लोक माझ्याकडे बघत होते. मी किटलीकडे बघितलं.

"मला वाढायचंय," मी म्हटलं. "लोकांना बसवून वाढायचंय. गाडीत बसलेल्या माणसाला आग्रह कसा करणार?"

कोणी हसलं नाही. मग एक आजोबा म्हणाले, "मलाही आग्रह करून घ्यायचाय, बाई." आणि टाळ्या सुरू झाल्या.

मतदान हात वर करून झालं. आधी ह्यांचं नाव. मी हात मांडीखाली दाबून बसले. हे सगळा हॉल सोडून माझ्याकडेच बघत होते. मग त्या मुलीचं नाव आलं आणि माझा हात वर गेला. माझ्याबरोबर अर्ध्याहून जास्त हॉलचे हात वर गेले.

घरी जाताना गाडी चालवत ह्यांची नजर रस्त्यावरच. मला वाटलं, आता आठवडाभर तोंड फिरवून बसणार. मोठ्या चौकात लाल दिवा लागला. हे स्टिअरिंगवर हात आपटून एकदम हसायला लागले. "टीव्हीतल्या त्या गाढवाला मी शहाणपण शिकवत होतो! आणि घरी विरोधी पक्ष पोळ्या लाटत होता!"

"तुम्हीच शिकवलं," मी म्हटलं. मागची गाडी हॉर्न वाजवू लागली, दिवा कधीच हिरवा झाला होता.

संक्रांतीला बाहेर बर्फ होतं आणि आत टेबलांवर पांढरा कागद. हॉलवाल्यांशी भांडायला नव्या अध्यक्षबाईने आमच्या ह्यांनाच पाठवलं होतं. असा आवाज दुसऱ्या कोणाचा नाही. हॉल तासभर जास्त मिळाला. शिवाय ह्यांना मीठ-लिंबू वाढायचं काम दिलं. हे रांगेच्या पुढे चालत ओरडत होते, "मीठ! मीठ!" जसं काही ते कारखान्यातच उभे आहेत. मागून मी, गुळपोळीचं ताट घेऊन. किती बोलले मी त्या दिवशी! घसा बसला.

वाढणारे शेवटी जेवायला बसतात. डॉक्टरही आमच्याबरोबर शेवटी बसले. कारण ते मोठी पिशवी घेऊन सांडलेलं उचलत फिरत होते आणि त्यांना त्यात मजा येत होती, हे मला दिसत होतं. मी ह्यांच्या पानात एक गुळपोळी वाढली. ह्यांनी दोन्ही हात आडवे घातले. मी बोटांच्या फटीतून दुसरी सरकवली.

हे म्हणाले, "हे मात्र असंच चालू ठेव."

तूप तेवढं मी ह्यांना कमी वाढलं. डॉक्टर समोरच बसले होते.